फ्लोअरस्टँडिंग स्पीकर: खाली काय द्यायचं आणि हॉलमध्ये कुठे उभे करायचे?

काळी_एक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बुकशेल्फ स्पीकरवर ऐकल्यावर आता फ्लोअरस्टँडिंग जोडी घेतली आहे. वापरलेली, पण उत्तम स्थितीतली. उंची १ मीटर, वजन प्रत्येकी २२ किलो, दोन साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारे शंकू), पोर्ट (डब्यातली हवा बाहेर सोडणारं भोक) मागच्या बाजूला. सोबत एम-८ आट्यांचे स्पाइक (टोकदार पाय) आले, त्यांच्याखाली ठेवायच्या चकत्या मात्र आल्या नाहीत. सध्या स्पीकर तसेच टाइलवर उभे आहेत.

नाशिकला फ्लॅट, चौथा मजला. हॉल ११ बाय १६ फूट, उंची साडेनऊ, खाली व्हिट्रिफाइड टाइल. स्पीकर ११ फुटी भिंतीशी, टीव्ही युनिटच्या दोन्ही अंगांना, मागे जेमतेम १५ सेंटिमीटर जागा. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. डाव्या हाताला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, उजवीकडे अर्धी भिंत आणि मग जेवणाच्या जागेकडे उघडं.

ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. अडचण अशी की पुरुष गायकांच्या मैफलीत तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालच्या स्वराची तार) खोलीभर घुमत राहतो. विलंबितात तर तो गळ्याच्या वरचढ होतो, आणि डग्ग्याचा घुमारा त्यात मिसळून जातो, सुटा ऐकू येत नाही. बायकांच्या गाण्यात मात्र तानपुरा स्वच्छ! सीडी प्लेअर तोच, अँप्लिफायर तोच.

दुकानात विचारलं तर आयसोलेशनचे, म्हणजे कंप अडवणारे, पाय घ्या म्हणाले. आठ पायांचे पैसे ऐकले तर स्पीकरच्या किमतीच्या निम्मे होतात. म्हणून इथे विचारतो: स्पाइक, रबर, ग्रॅनाईट की हे महागडे पाय? खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं राहतं, त्यांना त्रास होऊ नये हेही बघायचं आहे.

पाणसळ

बांधकामातला माणूस आहे, म्हणून फरशीपासून सुरुवात करतो. उघडा स्पाइक व्हिट्रिफाइड टाइलवर टेकवू नका. २२ किलो चार टोकांवर वाटले तर प्रत्येकावर साडेपाच किलो. टोक १ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर तिथला दाब चौरस सेंटिमीटरला ७०० किलोच्या घरात जातो. तुमच्या स्लॅबचं काँक्रीट एम-२० असेल तर त्याची ताकदच मुळी २०० किलोची. टाइल काँक्रीटपेक्षा पुष्कळ कणखर असते, त्यामुळे स्पीकर नीट उभा केला तर ती लगेच फुटणार नाही. पण स्पीकर जरा सरकला की चकाकीवर ओरखडा उठतो, तो कुठल्याही पॉलिशने जात नाही.

दुसरं म्हणजे टाइल पोकळ आहे का ते बघा. नाण्याने ठोकत जा. भरीव टाइल टक्क वाजते, खाली माल पोहोचला नसेल तर आवाज बसका येतो. चारी कोपरे आणि मध्य, सगळीकडे ठोका. घाईत बसवलेल्या फरशीत कोपरे हमखास पोकळ सापडतात. अशा कोपऱ्यावर स्पाइक म्हणजे टाइलला तडा. आणि वूफर वाजताना ती टाइल स्वतःही कुजबुजते, ते वेगळंच.

तिसरं, दोन्ही स्पीकरना पाणसळ लावा, डोक्यावर आडवी आणि उभी. बाल्कनीकडच्या ओळीत फरशीला पुष्कळदा बारीक उतार असतो. १ मीटर उंचीचा डबा तळाशी २ मिलिमीटरने वाकडा असला तरी वर ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) ६-७ मिलिमीटर सरकलेला असतो. डबा डुगडुगत असेल तर आधी ते थांबवा. पायांच्या प्रश्नातला माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग: चारही पाय सारखे टेकलेले, डबा हाताने ढकलला तर खुळखुळत नाही आणि चेकनट (स्पाइक जागी धरणारे नट) आवळलेले. स्पाइकचे चेकनट सैल राहिले तर डब्याच्या तळातून बारीक घरघर येते आणि माणूस वूफरला दोष देत बसतो.

चौथाई_लहर

@काळी_एक, "पुरुष गायकांच्या वेळी घुमतो, बायकांच्या वेळी नाही" या तुमच्या वाक्यात उत्तर आलेलं आहे. पायांचा दोष असता तर त्याने गायक पाहिला नसता. हा खोलीचा प्रकार आहे. थोडं गणित करतो, कंटाळू नका.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी उभा राहतो तेव्हा पहिली वारंवारिता निघते ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. वेग सेकंदाला ३४३ मीटर, तुमची लांबी १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. उत्तर ३५ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ७०. रुंदीची ५१, उंचीची ५९. यांना खोलीचे मोड म्हणतात.

आता तानपुरा. पुरुष गायक काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) गात असेल तर जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या आणि खर्ज त्याच्या निम्मा, ६९ हर्ट्झ. तुमच्या खोलीचा ७० चा मोड नेमका त्याच्यावर बसलाय. बायकांचा स्वर काळी पाच धरला तर खर्ज ११६ ला येतो, तिथे खोलीला तसं काही सांगायचं नाही. गायकाने अर्धा स्वर वर-खाली लावला तर घुमणं कमी झाल्याचं तुम्हाला आढळेल. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याची एखादी मैफल लावून बघा, तिथे खर्ज ७३ ला असतो.

आता बघा, हा ७० चा मोड कुठे जोरात असतो? दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोब्बर मध्यावर. प्रत्येक भिंतीपासून ४ फुटांवर तो जवळजवळ शून्य होतो. तुम्ही सोफ्यावर बसता, डोकं भिंतीपासून फूटभर. वूफरचा दर्शनी भाग पुढच्या भिंतीपासून फूट-दीड फूट. म्हणजे वाजवणारा आणि ऐकणारा दोघेही त्या मोडच्या शिखराजवळ. डोकं भिंतीपासून ३ फुटांवर आणलं तर हा एकच मोड कागदावर साडेसात-आठ डेसिबलने खाली येतो. खरा हॉल कागदासारखा वागत नाही, दारं-खिडक्या, फर्निचर असतंच, पण दिशा हीच. पूर्ण ४ फुटांवर मुद्दाम बसू नका, तिथे खर्ज अगदीच गळून पडेल. ३५ चा मोड ३ फुटांवर जवळपास शाबूत राहतो, त्यामुळे खालचा भरदारपणा जात नाही.

हाच हिशोब स्पीकरलाही. पुढे ओढा, दर्शनी भाग भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर येईल असा.

इथे एक सावधगिरी. वूफरचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि ज्या वारंवारितेला ते अंतर पाव लहर भरतं तिथे मूळ आवाजाला खाऊन टाकतो. ५० सेंटिमीटरवर हा खड्डा १७० हर्ट्झच्या आसपास असतो, ९० सेंटिमीटरवर ९५ च्या आसपास. बाजूच्या भिंतीचा आणि जमिनीचाही असाच एकेक खड्डा असतो. तिन्ही अंतरं सारखी झाली तर तिन्ही खड्डे एका जागी येतात आणि डग्गा तिथेच बुडतो. म्हणून वूफरची जमिनीपासून उंची, बाजूच्या भिंतीपासून अंतर आणि मागच्या भिंतीपासून अंतर ही तिन्ही वेगवेगळी ठेवा, एक दुसऱ्याच्या पटीतही नको. रॉय ॲलिसन यांनी १९७४ साली भिंतींचा स्पीकरच्या आवाजावर होणारा परिणाम मोजून मांडला. तेव्हापासून हे सगळं उघड्यावर आहे, तरी दुकानात कोणी सांगत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

पाय नंतर घ्या. आधी जागा.

बैठक

+१. गाणं ऐकणाऱ्या माणसाने खोलीचं गणित एवढ्या आपुलकीने सांगितलेलं वाचून बरं वाटलं.

फक्त बसण्याविषयी एक भर. आमच्याकडे जमिनीवर गादी-लोड आहे. लोडाला टेकून बसल्यावर कान ७५ सेंटिमीटरवर येतो. सोफ्यावर तो मीटरभर असतो. १ मीटर उंचीच्या बहुतेक स्पीकरांचा ट्वीटर ९० ते ९५ वर असतो, म्हणजे ते सोफ्यासाठी बनलेले आहेत. तरी घाबरायचं कारण नाही. पावणेतीन मीटर लांब बसलात तर २० सेंटिमीटरचा फरक म्हणजे चारेक अंशांचा कोन, तो चालतो. दीड मीटरवर बसलात तर कोन दुप्पट होतो आणि ट्वीटर व मिडचा (मधल्या स्वरांच्या शंकूचा) आवाज कानाशी मागेपुढे पोहोचू लागतो. गळ्याचा वरचा भाग पोकळ लागतो, तंबोऱ्याची जवारी बोथट होते. अशा वेळी मागचे स्पाइक उंच करून स्पीकर पुढे झुकवण्याचा मोह होतो. तो टाळा. उंच, अरुंद डबा पुढे कलला की घरातल्या लहान मुलांसाठी ती धोक्याची गोष्ट आहे. बैठक उंच करा, कमी उंचीचा दिवाण सगळ्यात चांगला.

काळी_एक

@चौथाई_लहर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पांढरी दोनची मैफल लावून पाहिली. तानपुरा खरंच शांत!

पण सोफा ३ फूट पुढे घेता येणार नाही, पुढून बेडरूमकडे जायची वाट आहे. आणि स्पीकर ९० सेंटिमीटर पुढे आले तर दिवसभर ये-जा करताना आड येतील. आई घरात वॉकर घेऊन चालते, वायर तिच्या पायात येता कामा नये.

सुतारकाम

ही अडचण आपल्याकडच्या प्रत्येक हॉलची आहे. परदेशी मासिकांत खोली फक्त ऐकण्यासाठी असते. तिकडच्या कार्डास या केबल कंपनीची पद्धत घ्या, त्यात स्पीकर बाजूच्या भिंतीपासून खोलीच्या रुंदीच्या ०.२७६ पट आणि मागच्या भिंतीपासून रुंदीच्या ०.४४७ पट अंतरावर ठेवतात. तुमच्या ११ फुटांत ते अनुक्रमे ९२ आणि १५० सेंटिमीटर येतं. म्हणजे दीड मीटर पुढे, हॉलच्या ऐन वाटेत. आवाज सुरेख लागेल, पण घर चालणार नाही.

मी लोकांना करून देतो तो उपाय सांगतो. ग्रॅनाईटवाल्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याचे कटपीस पडलेले असतात. २० मिलिमीटर जाडीचे, ४५ बाय ३५ सेंटिमीटरचे दोन तुकडे एका लादीतले कापून घ्या, कडा गोल घासून. एकेकाचं वजन साडेआठ किलोच्या आसपास भरतं. कडप्पाही चालतो, स्वस्त पडतो, पण त्याच्या कडा लवकर टवके सोडतात. माप घेताना स्पीकरच्या तळापेक्षा प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर जास्त धरा. स्पीकर पडायची भीती तेवढीच कमी.

वरून स्पाइक. ग्रॅनाईटवर स्पाइकच्या जागी काचेच्या ड्रिलने मिलिमीटरभर खोल खळगा करून घ्या, टोक त्यात बसतं आणि सरकत नाही. खळगा नको असेल तर पितळेच्या चकत्या. नाशिकला सातपूर-अंबडमध्ये टर्नर काय कमी आहेत? २५ मिलिमीटर व्यास, ६ मिलिमीटर जाडी, मध्ये छोटा शंकू, असं सांगितलं की अर्ध्या तासात आठ नग हातात मिळतात.

आणि ग्रॅनाईटच्या खाली ३ मिलिमीटर जाडीचं दाट फेल्ट, पूर्ण तळाला चिकटवून. गुळगुळीत टाइलवर फेल्ट लावलेला ग्रॅनाईट दोन हातांनी सहज सरकतो. ढकलताना हात स्पीकरच्या खालच्या तिसऱ्या भागात लावायचे, वरून कधीच नाही. दिवसा भिंतीशी, ऐकायच्या वेळी पुढे. फेल्टमुळे दगडाची किणकिणही बसते. उघडा ग्रॅनाईट बोटाच्या पेराने ठोकून बघा, चक्क वाजतो. वायर भिंतीलगत पट्टीतून आणा आणि स्पीकरपाशी मीटरभर वळी ठेवा, म्हणजे ओढताना ताण येत नाही आणि पायातही येत नाही.

जागा सापडली की फरशीच्या सांध्यांवरून खूण धरा. ६०० बाय ६०० टाइलचे सांधे म्हणजे आयता आलेख कागद आहे. "तिसऱ्या सांध्यापासून चार बोटं आत", बस्स. रोज स्पीकर त्याच जागी येतो.

सोफ्याचं म्हणाल तर ऐकायच्या वेळी एक हलकी खुर्ची पुढे घ्या. पाठ डोक्याच्या खाली संपणारी, कानामागे उंच पाठ नको.

झिरो_डीबी

थोडा विरोधी सूर लावतो. माझ्याकडे आयसोलेशनचे पाय आहेत. ते लावल्यावर फरक इतका स्पष्ट होता की घरातल्यांनाही न सांगता कळला. बास घट्ट झाला, गळा पुढे आला. महाग आहेत हे मान्य, पण "यात काही नाही" असं म्हणू नये.

चौथाई_लहर

@झिरो_डीबी, काही नाही असं मी म्हणणार नाही. किती आहे ते बघू या.

वूफर पुढे जातो तेव्हा डबा मागे रेटला जातो. दोन साडेसहा इंची वूफरचं हलतं वस्तुमान मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास, डबा २२ किलोचा. प्रमाण साधारण एकास सहाशे. शंकू ३ मिलिमीटर हलला तर डबा, तो अगदी मोकळा लटकवलेला धरला तरी, ५ मायक्रॉन हलतो. ज्या बदलाने तो थांबतो त्याच्या तुलनेत मोडचे ८ डेसिबल फार मोठे.

मग फरक ऐकू का येतो? पाय बसवताना स्पीकर आडवा करावा लागतो. परत उभा करताना तो कधीच तंतोतंत मूळ जागी येत नाही. दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतो, कोन बदलतो आणि पायाच्या उंचीमुळे ट्वीटर व वूफर दोन्ही वर जातात. हे सगळं कानाला कळतं. तुमच्याकडे ऐकलेला फरक खरा असणार, त्याचं श्रेय कुणाचं ते तपासायला हवं. पाय बदलण्याआधी फरशीवर मास्किंग टेप लावून तळाच्या चारी कडा आखा, उंची मोजा, आणि नंतर जुन्या पायांखाली तेवढीच लाकडी चकती देऊन परत ऐका.

शिवाय तुमच्या घरची जमीन कशी आहे? सव्वाशे मिलिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब आणि लाकडी पाटण यांत फार अंतर आहे.

झिरो_डीबी

मजला वाड्याचा आहे. जुनी लाकडी तुळई, वर फळ्या, त्यावर शहाबादी. हा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. टेप आखून करून बघतो.

चौथाई_लहर

मग तुमचे पाय तिथे कामाचेच आहेत! फळ्यांचा मजला वूफरबरोबर थरथरतो आणि स्वतः आवाज करतो.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथल्या घरांची गोष्ट वाड्यासारखीच: लाकडी जॉइस्ट (आडव्या तुळया), त्यावर प्लायवूड, वर कार्पेट. स्पाइकची रीत अशा कार्पेटवरच रुळली. टोक गालिच्याच्या धाग्यांतून खाली जाऊन जमिनीला टेकतं आणि जड डबा मऊ थरावर डुलत नाही. ते काम स्पाइक चोख करतो. पण खालची जमीन ढोलाच्या पानासारखी ताणलेली असली तर डबा तिला घट्ट जोडला जातो आणि तीही वाजते. आमच्या फॅमिली रूममध्ये सोफ्यावर बसल्यावर पायाला बास लागायचा.

स्प्रिंगच्या तळांनी ते थांबलं. निवडताना एक सूत्र उपयोगी पडलं. वजनाखाली स्प्रिंग किती मिलिमीटर दबते ते बघायचं, १५.८ ला त्या आकड्याच्या वर्गमुळाने भागायचं, ती त्या स्प्रिंगची वारंवारिता. ५ मिलिमीटर दबली तर ७ हर्ट्झ, आणि तिच्या साधारण दीडपटीच्या वर, म्हणजे १० हर्ट्झपासून पुढे, कंप अडायला लागतात. कडक रबर अर्धा मिलिमीटरच दबतं, ते कागदावर २२ हर्ट्झ, प्रत्यक्षात त्याहून वर, कारण हलत्या वजनाखाली रबर आणखी ताठ वागतं. म्हणजे बासच्या खालच्या पट्ट्यात ते फारसं काही अडवत नाही. म्हणूनच वजन बघून पाय घ्या. २२ किलोच्या स्पीकरला ५० किलोचे पाय लावले तर ते दबतच नाहीत आणि पैसे वाया जातात.

जॉइस्ट कुठून कुठे जातात तेही बघा. टोकाच्या भिंतीजवळ जॉइस्ट टेकलेली असतात, तिथे जमीन कमी हलते.

ओवरी

मी गाणं शिकते, तंत्र फार कळत नाही, पण एक युक्ती आमच्या गुरुजींच्या घरी पाहिली ती सांगते. ते स्पीकरची जागा जुन्या मोनो रेकॉर्डिंगवर ठरवतात. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच येतं, त्यामुळे गाणारा बरोब्बर मधोमध, एका माणसाच्या रुंदीचा ऐकू यायला हवा. तो पसरलेला वाटला तर स्पीकर थोडे आत वळवायचे. एका बाजूला कलला तर त्या बाजूचं अंतर सुतळीने मोजायचं. खुर्चीच्या पाठीला सुतळी बांधून ती दोन्ही ट्वीटरपर्यंत ताणतात, सेंटिमीटरचाही फरक ठेवत नाहीत. ५० च्या दशकातल्या आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांवर हे लावलं की गायक समोर बसल्यासारखा वाटतो, आणि मग स्टिरिओ आपोआप नीट लागतो.

चौथाई_लहर

@ओवरी, फार मोलाचं लिहिलंत. आत वळवण्याची मात्रा ठरवायला याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. @काळी_एक यांच्या हॉलला तर ती हवीच, कारण डावीकडे काच आणि उजवीकडे उघडं आहे. काचेवरून परत येणारा आवाज गायकाला डावीकडे ओढणार. जाड सुती पडदा, दुहेरी चुण्यांचा, ऐकताना ओढून घ्या. स्पीकर जरा जास्त आत वळवले की काचेवर कमी आवाज पडतो.

जमिनीवर स्पीकर आणि खुर्ची यांच्या मध्ये सतरंजी पुरत नाही, पातळ असते. घोंगडी दुमडून किंवा जाड गालिचा. टाळी वाजवून बघा, टाइलच्या रिकाम्या हॉलमध्ये मागे एक चिरका झंकार राहतो. तो गेला पाहिजे.

काळी_एक

सुतारकाम यांनी सांगितलं तसे ग्रॅनाईटचे तुकडे आणले, फेल्ट लावलं, अंबडहून पितळेच्या चकत्या करून आणल्या. पाणसळ यांचं ऐकून टाइल ठोकल्या तर डाव्या स्पीकरच्या जागची एक टाइल कोपऱ्यात पोकळ निघाली. ग्रॅनाईट दोन टाइलांवर पसरल्यामुळे भार आता त्या कोपऱ्यावर येत नाही.

स्पीकर ऐकताना ९० सेंटिमीटरवर येतात, मी खुर्चीवर, डोकं मागच्या भिंतीपासून ३ फुटांवर. ऑफिसमधल्या मित्राने रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि मोजणीचा मायक्रोफोन आणला होता. आधीच्या आणि आताच्या जागी आलेख काढले. सोफ्यावर ७० पाशी जे शिखर उभं होतं ते नव्या जागी ९ डेसिबलने उतरलं. ९५ पाशी उथळ खळगा आलाय, चौथाई_लहर यांनी सांगितलाच होता. उजवा स्पीकर बाजूला १० सेंटिमीटर सरकवल्यावर तो निम्मा भरला.

आकडे राहू देत, गाणं सांगतो. विलंबित एकतालात डग्ग्यावरची मींड आता खालून वर येताना आखल्यासारखी दिसते. खर्ज आहे, पण गळ्याच्या मागे. पडद्याने गायक मध्ये आला. शोकेसची काच एका ठरावीक स्वराला किणकिणायची, तिच्या खाचेत पातळ फेल्टची पट्टी सरकवली.

एक उरलं, खालचे काका-काकू. त्यांच्यासाठी स्प्रिंगचे पाय घ्यावेत का?

पाणसळ

स्लॅबच्या घरात खाली जाणारा बास मुख्यतः हवेतून जातो. खोलीतली हवा स्लॅबला, भिंतींना आणि कॉलमना हलवते, तिथून खाली. स्पीकरच्या पायातून जाणारा वाटा त्यात लहान असतो. ७० चं शिखर ९ डेसिबलने कमी ऐकू आलं त्यातलं काही खुर्ची हलवल्यामुळे आहे, ते खालच्यांच्या कामाचं नाही. स्पीकर पुढे ओढल्याने जे कमी झालं तेवढंच त्यांच्या वाट्याला. म्हणून आवाज मध्यम ठेवून ऐका आणि एकदा त्यांच्या बेडरूममध्ये बसून स्वतः ऐका, घरच्या कुणाला वर गाणं लावायला सांगून. नियमाने रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण मीटर साधारण जे मोजतो त्यात खालचा बास फार कमी धरला जातो. आकड्यात बसलात तरी काकांना झोप लागेलच असं नाही. त्यांनाच विचारणं योग्य.

दहा_बाय_दहा

इतकं छान चाललंय म्हणून माझीही अडचण मांडतो. डोंबिवली, खोली १० बाय १०, उंची साडेनऊ. फ्लोअरस्टँडिंग वडिलांनी भेट दिलेत, त्यामुळे विकायचे नाहीत. पोर्ट मागे. दिवाण एका भिंतीला. बास असा दाटतो की एकेक गाणं ऐकवत नाही.

चौथाई_लहर

तुमची खोली सगळ्यात अवघड प्रकारची आहे, हे स्पष्ट सांगतो. लांबी आणि रुंदी सारखी, म्हणून दोन्ही मोड ५६ ला एकावर एक. उंचीचा ५९, तोही शेजारीच. तिघांची बेरीज होते. एवढ्या खोलीला मी एरवी स्टँडवरचे छोटे टू-वे (एक वूफर, एक ट्वीटर) सुचवले असते. पण वडिलांची भेट आहे तर त्यांच्यासह काय होतं ते बघू.

इथे स्पीकर पुढे ओढायला जागा नाही, म्हणून उलट वाटेने जा. काही स्पीकर भिंतीसाठीच बनवलेले असतात. क्लिप्शहॉर्न १९४६ पासून कोपऱ्यासाठी बनतो, तिथे कोपराच हॉर्नचा पुढचा भाग होतो. तुमचे तसे नाहीत, पण पोर्ट बंद केला की मागची भिंत बरीच सोसवते. मऊ फोमची वळकटी पोर्टच्या तोंडात घाला, फार आत नको, काढता यायला हवी. खालचा बास पातळ होतो आणि जागच्या जागी थांबतो, भिंत त्यातला काही परत देते. स्पीकर मागच्या भिंतीशी राहू देत, बाजूच्या भिंतींपासून मात्र दोघांचं अंतर वेगळं ठेवा, एक ५० तर दुसरा ७० सेंटिमीटर. आत किती वळवायचे ते मोनो रेकॉर्डवर जुळवून घ्या.

दिवाण भिंतीपासून सोडवा. बरोब्बर मधोमध बसू नका, तिथे ५६ नाहीसा होऊन सगळं कोरडं लागेल. मागच्या भिंतीपासून अडीच-तीन फूट बघा. कोपऱ्यात गाद्यांची चळत, कापसाच्या, जमिनीपासून छातीपर्यंत रचता आली तर रचा. वरच्या बासला ती उपयोगी पडते, ५६ ला फारशी नाही. आणि अँप्लिफायर किंवा स्ट्रीमरमध्ये पॅरामेट्रिक ईक्यू (हवी ती वारंवारिता निवडून कमी-जास्त करायची सोय) असेल तर ५६ ला एक अरुंद कपात, ५-६ डेसिबल. खड्डे मात्र ईक्यूने भरायला जाऊ नका, वूफर उगाच राबतो.

फोम आजच घालून बघा आणि आठवडाभर तसाच ठेवा. पहिल्या दिवशी बास गेल्यासारखं वाटेल, लगेच काढू नका. मग एकदा काढून, तीच गाणी लावून इथे लिहा. पोर्टचा आतला व्यास आणि स्पीकरचं मॉडेलही कळवा.